गेंद ओळखण्याची सोपी पद्धत

भाद्रपदात कासला निघालेल्या प्रत्येक कुटुंबात फुलांची नावे सांगणारा एक माणूस लागतो. आमच्याकडे हे पद माझ्याकडे बिनविरोध आले. होतकरूंसाठी चार अनुभवाच्या गोष्टी.

सुरुवात सीतेच्या आसवांपासून करावी, लवकर नाव होते. ताठ उभे असेल ते युट्रिक्युलारिया परपुरासेन्स. गवताच्या काडीला विळखा घालून चढलेले आणि खालच्या पाकळीवर शिरांची जाळी असलेले, ते रेटिक्युलाटा. मंडळी माना डोलावतात. तेवढ्यात सांगावे की या झाडाला खरी मुळेच नाहीत, खाली चिखलात बारीक पिशव्या आहेत आणि त्या डोळ्याचे पाते लवायच्या आत सूक्ष्म जीव गिळतात. ‘‘नाव सीतेचं आणि धंदे हे?’’ असे वहिनी विचारतात. तिथून ताबडतोब पुढे सरकावे.

खरी कसोटी गेंदाची. कातळावरच्या ओल्या मातीत पसरलेली ही पांढरी बटणे लांबून सारखी दिसतात आणि जवळून त्याहून सारखी. पायवाट न सोडता उकिडवे बसावे, कारण गुडघे टेकले तर त्यांच्याखाली आणखी दोन-तीन जाती येतात. शास्त्रीय नाव एरिओकॉलॉन, ग्रीकमध्ये लोकर आणि देठ. म्हणून देठावर लोकर शोधत बसू नये. आमची अर्धी सहल त्यात गेली आणि लोकर फक्त मेहुण्याच्या स्वेटरला सापडली.

आता भिंग काढावे. एक बटण म्हणजे एक फूल नव्हे, तिथे नर आणि मादी फुलांची अख्खी चाळ नांदते. पाकळ्यांच्या टोकाला काळे ठिपके आहेत का, बीजकोशाला कप्पे दोन की तीन, हे मोजावे. मोजायला फूल फोडावे लागते आणि पठारावर फूल तोडायला बंदी आहे. बंदी पाळावी. कप्पे मनात मोजावेत.

एवढ्यावर जात ठरलीच नाही, तर बी पाहावे. बी धरेपर्यंत फुलांची शोभा सरते, पठार तपकिरी होते, वडापाववालेही निघून जातात. बी मिलिमीटरहून लहान, आणि खरा पुरावा त्याच्या सालीवरची नक्षी. ती नीट दिसायला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागतो. तो डब्याच्या पिशवीत मावत नाही.

त्याऐवजी थिओडोर कुकचे, १९०१ ते १९०८ या काळात निघालेले मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचे ग्रंथ न्यावेत. उघडायचे नाहीत. काखेत नुसते दिसले तरी शब्दाला वजन येते.

गेल्या वर्षी मी एका गेंदाकडे बोट दाखवून ‘सेजविकाय’ असे ठणकावले. शेजारी भिंग घेऊन बसलेली कॉलेजातली मुलगी हळूच म्हणाली, ‘‘काका, बी बघितलंत?’’

‘‘मागच्या वर्षी बघितलं होतं,’’ मी म्हणालो.

तेव्हापासून पद्धत बदलली आहे. ‘एरिओकॉलॉन’ इतके स्वच्छ, खणखणीत म्हणावे आणि पुढच्या शब्दावर खोकला काढावा. धुके असतेच, संशय येत नाही. यंदा खोकला ओसरल्यावर आत्याने विचारले, ‘‘पूजेला चालतात का रे ही?’’

‘‘तोडायची नाहीत, आत्या.’’ त्या दिवसातले माझे हे एकमेव खात्रीचे उत्तर.