बार्नीचं स्थळ

मुलगा मॅनहॅटनला असतो. स्वतःचा फ्लॅट, बँकेत भरपूर पगाराची नोकरी, उंच, गोरा, डोळे निळे. अंगात कायम सूट. आई आहे. एक भाऊ, त्याचं लग्न झालंय, एका पुरुषाशी. वडिलांच्या बाबतीत थोडा घोळ आहे, तो पुढे येईल. व्यसन: स्कॉच आणि सिगार, पण आपण ‘कधीतरी’ असं लिहू. अपेक्षा: कुणीही चालेल, सकाळी उठून आपापल्या घरी जावी, एवढीच.

आमच्या नात्यातल्या लग्नाळू मुलामुलींचे बायोडाटे फिरत फिरत शेवटी माझ्याकडे येऊन पडतात. का, ते कुणालाच ठाऊक नाही; माझं स्वतःचं लग्न म्हणजे काही या कामाची जाहिरात नव्हे. पण सवय लागली की लागते. पडद्यावर बिनलग्नाचा पुरुष दिसला की मी मनातल्या मनात त्याचा फॉर्म भरायला घेते. भाचीने आग्रह केला म्हणून ‘हाऊ आय मेट युअर मदर’ बघायला बसले आणि बार्नी स्टिन्सनचा फॉर्म भरता भरता रकाने संपले.

मालिका अमेरिकेत सीबीएस वाहिनीवर २००५ ते २०१४ चालली. नऊ सीझन, २०८ भाग. टेड नावाचा आर्किटेक्ट २०३० साली आपल्या दोन पोरांना सोफ्यावर बसवतो आणि तुमची आई मला कशी भेटली ते सांगायला घेतो. ती भेटेपर्यंत नवव्या सीझनचा शेवटचा भाग येतो. पोरं उठून जात नाहीत, यावरून ती परदेशातली आहेत हे कळतं. टेड, मार्शल, लिली, रॉबिन आणि बार्नी हे पाच मित्र न्यूयॉर्कच्या मॅक्लॅरेन्स नावाच्या पबमध्ये एका ठरावीक टेबलाशी बसलेले असतात. कामाला कधी जातात, हा प्रश्न विचारायचा नाही.

बार्नीला सगळे बाईलवेडा म्हणतात. माझा त्याला आक्षेप आहे. बाईलवेड्या माणसाला कष्टाचा कंटाळा असतो. आपल्या सिनेमातला निळू फुल्यांचा सरपंच आठवा. त्याला ओसरीवरून उठावंसुद्धा लागत नाही. नजर टाकली, गड्याला खूण केली, काम फत्ते. बार्नी मात्र एका रात्रीच्या सोबतीसाठी जेवढी मेहनत घेतो, तेवढीत आमच्याकडे एक साखरपुडा, हॉल आणि केटरिंगसकट पार पडतो.

त्याच्याजवळ ‘द प्लेबुक’ नावाची एक पोथी आहे. तीत बायका पटवायचे डाव, प्रत्येकाला नाव, खाली कृती. एका डावात तो स्वतःचं नाव लोरेन्झो फॉन मॅटरहॉर्न असं सांगतो, आणि अशा थाटात सांगतो की समोरचीला वाटावं, हे नाव आपल्याला माहीत असायला हवं होतं. तो जरा बाजूला होतो. ती फोनवर नाव शोधते. मिळतं काय, तर अब्जाधीश, साहसी प्रवासी, जगापासून दूर राहणारा विरक्त. ही सगळी पानं बार्नीने आधीच बनवून इंटरनेटवर टाकलेली. भाग २००९ सालचा आहे, म्हणजे तेव्हा हे काम आजच्याइतकं सोपंही नव्हतं. हा मुलगा एवढी वेबसाइट आमच्या सोसायटीची करून देता, तर आम्ही त्याला बिनविरोध सेक्रेटरी केला असता.

त्याच भागातला ‘द स्कूबा डायव्हर’ तर मी तीनदा मागे नेऊन पाहिला. रॉबिनशी जुळलेलं मोडल्यावर बार्नी पुन्हा शिकारीला लागलाय. लिली संतापून त्याची पोथी पळवते. तो म्हणतो, ठीक आहे, आता बघाच, आणि पाणबुड्याचा पूर्ण पोशाख चढवून पबमध्ये येतो. रबरी सूट, तोंडावर मुखवटा, पायात ती बदकाची पावलं. लिली जाऊन त्याने हेरलेल्या मुलीला सावध करते, तू याच्या जाळ्यात सापडू नकोस. बार्नी मुखवटा काढतो. चेहरा पडलेला. म्हणतो, खरं म्हणजे मी आतून मोडलोय, म्हणून हे सगळे चाळे. मित्रमंडळी विरघळतात. आणि मग तीच लिली त्या मुलीची समजूत घालते, अगं, वाईट नाहीये तो, एक कॉफी तर घे त्याच्याबरोबर! मुलगी त्याच्यासोबत जाते. पाठोपाठ मेसेज येतो, टेबलाखाली बघा. तिथे पोथीचं पान. डावाची कृती पायरीपायरीने लिहिलेली, आणि मैत्रिणीचं रागावणं, तिचं सावध करणं, सगळ्यांना येणारी दया, या साऱ्या त्यातल्या पायऱ्याच.

आता मला सांगा, यात गिऱ्हाईक कोण? बाहेर पडलेली मुलगी? तिला मिळवून तो गेलाच होता की. मेसेज पाठवायची गरज काय होती? गरज एवढ्यासाठी, की टेबलाभोवतीच्या चौघांची तोंडं पाहिल्याशिवाय त्याचा दिवस पुरा होत नाही. बार्नीचा सगळा रोमान्स त्या टेबलाशी आहे. रात्र कशी गेली याला महत्त्व नाही, दुसऱ्या दिवशी ती सांगता आली पाहिजे. त्यातही शब्द मधेच तोडून, बोट वर करून, ‘थांबा जरा’ म्हणत ताणायची त्याची खोड. दुसऱ्या सीझनच्या शेवटी त्याने असाच एक शब्द अर्धा टाकला तो मे २००७ मध्ये, आणि उरलेला अर्धा तिसऱ्याच्या सुरुवातीला सप्टेंबरात पुरा केला. मधे सगळा उन्हाळा गेला. आमच्या कीर्तनकारांनासुद्धा एवढी ताण जमत नाही.

हे काम नील पॅट्रिक हॅरिसने केलंय आणि ते दृष्ट लागण्यासारखं केलंय. मालिका चालू असतानाच, २००६ साली, आपण समलिंगी आहोत हे त्याने जाहीर केलं. प्रेक्षकांना बार्नीच्या बाबतीत काडीचाही फरक पडला नाही. माझ्या मते यातच सगळं आलं. बार्नी हा मुळात एक प्रयोग आहे, तिकीट लावून करण्याजोगा. हॅरिस खरोखरीचा जादूगारही आहे. लॉस एंजेलिसच्या मॅजिक कॅसलवाल्या संस्थेचा तो अध्यक्ष होता. रुमालातून काय निघतं याहून रुमाल कसा झटकायचा याच्यावर त्याचं लक्ष असतं, आणि बार्नीचंही.

मराठी माणसाला यात नवीन काही नाही. अत्र्यांच्या ‘तो मी नव्हेच’मधला लखोबा लोखंडे १९६२ सालापासून हेच करत होता. कधी दिवाकर दातार, कधी कॅप्टन परांजपे. वेष पालटायचा, बाईला भुलवायचं. आपले लोक प्रभाकर पणशीकरांच्या एकेका सोंगाला टाळ्या द्यायचे. फरक इतकाच की अत्र्यांनी पूर्ण नाटक कोर्टात उभं केलं आणि फसवल्या गेलेल्या बायकांना साक्षीदाराच्या पिंजऱ्यात आणून बोलतं केलं. मॅक्लॅरेन्समध्ये पिंजरा नाही. तिथे फसलेली बाई दृश्याच्या शेवटी दारातून बाहेर जाते आणि हशा होतो. एक फुकटचा सल्ला: बार्नीने भारतात येताना पोथी घरीच ठेवावी. आपल्या भारतीय न्याय संहितेत, १ जुलै २०२४ पासून, कलम ६९ आहे. लग्नाचं किंवा नोकरीचं खोटं आमिष दाखवून संबंध ठेवणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पोथीतली निम्मी पानं पुरावा म्हणून दाखल करता येतील, बाकीची निम्मी नुसती वाचूनच न्यायाधीश कपाळाला हात लावतील.

स्थळ म्हटलं की घर बघायला जावं लागतं. बार्नीचं घर बघण्यासारखं आहे. दुसऱ्या सीझनमध्ये लिली काही दिवस तिथे राहायला जाते आणि आपल्याला ते नीट दिसतं. पलंग ऐसपैस, पण त्यावर उशी एकच. टॉवेल एक. केस वाळवायचं यंत्र नाही. कमोडची सीट खाली केली की आपोआप पुन्हा वर. आलेल्या बाईला राहावंसं वाटू नये, हाच गृहसजावटीचा एकमेव हेतू. पाहुण्याने मुक्काम हलवावा म्हणून आमच्याकडे फार तर गीझर बिघडवतात. या पठ्ठ्याने संपूर्ण घर त्या विचाराने बांधलंय. गंमत म्हणजे लिली ते घर जरा माणसात आणते आणि काही दिवसांत बार्नी तिच्याबरोबर टीव्ही बघत शहाण्यासारखा झोपायला लागतो. लक्षात येताच घाबरून तिला बाहेर काढतो.

तो असा का झाला, याची कारणं मालिकेने दिली आहेत, जरा जास्तच दिली आहेत. अमेरिकन मालिकांना माणूस नुसता बिलंदर असलेला चालत नाही. तर, एके काळी तो लांब केसांचा, भाबडा, समाजसेवेला निघालेला पोरगा होता. शॅनन नावाची मैत्रीण त्याला सोडून एका सूटवाल्याबरोबर गेली. म्हणून सूट. आणि दोनशे बायका गाठायचं त्याचं लक्ष्य कुठून आलं? शाळेतल्या एका दांडगट पोराने शंभरची बढाई मारली होती म्हणून. दोनशे पुरे झाल्यावर बार्नी त्याला गाठून ते ऐकवतो, तेव्हा कळतं की पोराने तेव्हा थाप मारली होती. बारा-तेरा वर्षांच्या मुलाच्या थापेवर एका माणसाने हयात खर्ची घातली! हे कारण मात्र मला मनापासून पटलं. पुरुषांच्या कितीतरी मोठ्या उद्योगांचा पाया याहून भक्कम नसतो.

आणि वडील. आईने लहानपणी टीव्हीवरच्या बॉब बार्करकडे बोट दाखवून ‘हे तुझे बाबा’ म्हटलं, आणि ‘द प्राइस इज राइट’ या कार्यक्रमाच्या त्या सूत्रसंचालकाला हा मोठेपणीही बाप मानत राहिला. खरे वडील सहाव्या सीझनमध्ये भेटतात. साधे, संसारी, उपनगरात घर, दारासमोर बास्केटबॉलची रिंग. बार्नी चिडून ती रिंग काढायला लागतो, कारण ती लहानपणी त्याच्या दारात असायला हवी होती. तेवढ्या वेळापुरता तो सूट त्याच्या अंगाला मोठा होतो.

पण मला या सगळ्याहून जवळचा वाटला तो ‘द स्टिन्सन्स’ नावाचा भाग. बार्नी कुठे गुपचूप जातो म्हणून मित्र पाठलाग करतात, तर आईच्या घरी त्याची बायको आणि मुलगा! दोघेही भाड्याचे नट. आई आजारी होती, पोराचा संसार बघायची तिची इच्छा होती, म्हणून याने कास्टिंग केलं; आणि आई बरी झाली, त्यामुळे नाटक वर्षानुवर्षं चालवावं लागलं. नातवाचं काम करणारा पोरगा तर फारच कसलेला. लग्नाचा विषय टाळायला आपल्याकडची मुलं ऑनसाइटचं निमित्त काढतात, प्रमोशन होऊ दे म्हणतात, फार झालं तर पत्रिकेत मंगळ असल्याचं त्यांना अचानक आठवतं. पगारी सून आणण्यापर्यंत कुणाची मजल गेलेली नाही. शेवटी बार्नी खरं सांगून टाकतो, तर आईला हायसंच वाटतं. ती सून तिला कधी आवडलीच नव्हती. सासू मॅनहॅटनची असो की माहीमची, हा मुद्दा कायम राहतो.

एक गोष्ट मात्र विसरू नये: आपण बार्नीला पाहतो ते टेडच्या तोंडून. हा टेड पोरांपुढे इतका सोज्वळ, की कॉलेजात गांजा ओढला हे सांगायची लाज वाटते म्हणून सगळीकडे ‘सँडविच खाल्लं’ म्हणतो. पडद्यावर खरोखर हातात सँडविच घेऊन डोळे तारवटलेली माणसं दिसतात. पण बार्नीकाकांच्या बायका? त्या तपशीलवार, डावासकट, आकड्यासकट. पोरांपुढे सँडविच झाकणाऱ्या बापाला एवढं उघडं सांगावंसं का वाटलं असेल? स्वतः टेडने नऊ वर्षांत किती मुली पाहिल्या याची मोजदाद करा. पहिल्याच भागात रॉबिनसाठी हा माणूस हॉटेलातला निळा फ्रेंच हॉर्न चोरतो, आणि त्याला प्रेम म्हणायचं. शेजारी बार्नी बसला असेल तर कुणीही सज्जन दिसतो. मित्रांच्या प्रत्येक कोंडाळ्यात असा एक बार्नी ठेवलेला असतो. लग्नात नवऱ्याचे मित्र रांगेत फोटोला उभे राहतात, तेव्हा बघा. एकाकडे बोट दाखवून बाकीचे हळूच हसत असतात. त्या बाकीच्यांची चौकशी आधी करावी, असं मी आमच्या मुलींना सांगते.

मग पुढे काय झालं? तर बार्नीचं रॉबिनशी लग्न झालं. लग्नाआधीचे दोन-तीन दिवस दाखवण्यात जवळजवळ अख्खा नववा सीझन गेला, आणि तो संसार तीन वर्षांत मोडल्याची बातमी शेवटच्या भागात येता-जाता उरकली. जगभरचे चाहते खवळले, ते योग्यच होतं. घटस्फोटानंतर स्वारी पुन्हा पबात, केस पिकायची वेळ आली तरी तेच. अखेर एका अनोळखी बाईपासून त्याला मुलगी होते, एली. तिला पहिल्यांदा हातात घेतल्यावर तो विरघळतो, आणि पुढच्याच प्रसंगात पबमधल्या दोन तरुण पोरींना झापतो: घरी जा, अंगभर कपडे घाला, आईवडिलांना फोन करा. आमच्या कॉलनीतल्या गणपतीच्या मंडपात खुर्ची टाकून बसणारे काका अगदी हेच बोलतात. त्यांच्या पूर्वायुष्याबद्दल मला तेव्हापासून वेगळीच शंका येते.

एलीची आई आपल्याला एकदाही दिसत नाही. तिला नावही नाही. बार्नी त्या महिन्यात रोज एक, या हिशेबाने निघाला होता, आणि त्या यादीत ती एकतिसावी, म्हणून नुसती ‘नंबर ३१’. मालिकेचं नाव ‘तुमची आई मला कशी भेटली’.