मोठेबाबा भाव विचारतात

धामणगाव रेल्वेच्या बाजारपेठेत माणसांचा एक नमुना हमखास सापडतो. जगातली कोणतीही वस्तू भाव कळल्याशिवाय त्याला दिसतच नाही. लग्नाला गेला की तो आधी मंडपाचा दर विचारतो आणि मग नवरदेवाचं नाव. दवाखान्यात कुणाला भेटायला गेला तर खाटेचं रोजचं भाडं मोठ्यानं विचारतो, आणि ते ऐकून रुग्ण पुन्हा आडवा होतो. हा नमुना कंजूष नसतो बरं का. पोळ्याला बैलाच्या झुलीवर आणि घरच्या पोरींच्या शिक्षणावर तो हात आखडत नाही. फक्त दर ठाऊक पाहिजे.

आमच्या घरात या नमुन्याला मोठेबाबा म्हणतात. माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. बाजार समितीत तूर-सोयाबीनची अडत, गावाबाहेर कापसाचं वावर. मूठभर तूर तळहातावर घेतली की ओल किती टक्के ते सांगणार, आणि यंत्रानं वेगळं सांगितलं तर यंत्र बदलायला लावणार.

मी मिलानच्या पोलितेक्निकोत स्थापत्य अभियांत्रिकी शिकते. ही संस्था 1863 सालची, असं मी पहिल्या फोनवर अभिमानानं सांगितलं, तर पलीकडून प्रश्न आला, "फी कोन्या सालची हाये?" तिथं घरच्या उत्पन्नावर शिष्यवृत्ती मिळते. त्यासाठी उत्पन्न, जमीन, बँकेतली शिल्लक यांचे कागद, त्यांची इटालियन भाषांतरं आणि त्यावर शिक्के लागतात. पटवाऱ्यापासून भाषांतरकारापर्यंत सगळीकडे मोठेबाबा स्वतः फिरले. त्यामुळे "आता इटली पाहून येतो" असं त्यांनी जाहीर केलं तेव्हा नाही म्हणण्याची सोय उरली नव्हती. परदेशी शिकणाऱ्या पोराला पदवी मिळायच्या आधी गाइडची नोकरी लागते, ती अशी. पगार नाही, सुटी नाही, आणि गिऱ्हाईक गाइडला लहानपणापासून ओळखत असतं.

व्हिसासाठी प्रवाशाचा किमान तीस हजार युरोंचा विमा लागतो. मोठेबाबांनी लगेच हिशेब केला. "तीस लाखाच्या आसपास. म्हंजे मानसाले भाव हाये तथी."

सोबत मोठी आई होतीच. तिच्या बॅगेत ठेचा, कुरडया, ज्वारीचं पीठ आणि घरची तूरडाळ. मोठेबाबांच्या खिशात खतवाल्या दुकानदारानं दिवाळीला वाटलेली डायरी. इटलीतला प्रत्येक दर त्या डायरीत चढला आहे. शेजारी रुपयांचा आकडा, आणि त्याच्या शेजारी कापूस, क्विंटलमध्ये.

मिलानचं मुख्य स्टेशन 1931 साली सुरू झालं. चोवीस फलाट, वर लोखंड आणि काचेचं आभाळाएवढं छप्पर. येणारा माणूस तिथं मान वर करून पाच मिनिटं तरी उभा राहतोच. मोठेबाबांनी मात्र रुळांची टोकं पाहिली. सगळे रूळ भिंतीशी येऊन संपत होते. "अमरावतीवानी झालं हे. गाडी आली का पुढं रस्ताच नाई." बडनेऱ्याहून फाटा घेऊन जावं लागणाऱ्या अमरावतीवर मेन लाइनवरच्या धामणगावकरांचा हा जुना राग आहे. त्यात त्या दिवशी मिलानही सामील झालं.

मग दुओमो. पांढऱ्या-गुलाबी संगमरवराचं ते अजस्र चर्च. काम सुरू झालं 1386 साली आणि शेवटचं दार बसलं 1965 साली. बांधकामासाठी 1387 साली नेमलेली संस्था आजही त्याची देखभाल करते, हे मी सांगितलं आणि मोठेबाबांच्या चेहऱ्यावर प्रथमच आदर दिसला. तो चर्चबद्दल नव्हता.

"सहाशे वर्सं एकच ठेकेदार?"

"हो."

"आपल्या पाटबंधाऱ्यावाल्यायले सांगू नको हे. मुदतवाढ मागतीन."

दारावर रखवालदार लोकांचे खांदे आणि गुडघे तपासत होता. अर्ध्या चड्डीतल्या एका दांडग्या पर्यटकाला त्यानं बाहेर थांबवलं आणि पदर खांद्यावरून घेतलेल्या मोठ्या आईला मान लववून आत सोडलं. पुढं रोमपर्यंत एकाही चर्चनं तिला अडवलं नाही. "कपड्याचा खर्च वसूल," असं डायरीत लिहिलेलं मी स्वतः पाहिलं आहे.

शेजारच्या गॅलेरियात, म्हणजे छप्पर घातलेल्या बाजारात, मात्र प्रकरण चिघळलं. काचेच्या घुमटाखालच्या फरशीवर तोरिनो शहराचं बोधचिन्ह आहे, उधळलेला बैल. त्याच्या नको त्या जागेवर टाच रोवून तीन गिरक्या घेतल्या की नशीब उघडतं, असा समज आहे. लोक रांगा लावून गिरक्या घेतात. फरशीला तिथं खड्डा पडतो, तो बुजवतात, पुन्हा पडतो. मोठेबाबांनी हे पाहिलं आणि त्यांचे कान तापले. तळेगाव दशासरच्या शंकरपटात बैलजोड्या पाहत वाढलेला माणूस.

"पोया करनाऱ्याच्या डोयासमोर बैलाले टाच मारतेत! थेही तथी!"

ते तरातरा पुढं गेले, बैलाच्या तोंडाशी उभे राहिले आणि त्याला हात जोडले. मागच्या रांगेतल्या जोडप्याला वाटलं, खरी रीत हीच असणार. त्यांनीही वाकून हात जोडले. त्यांच्या मागच्यांनीही. चार-पाच मिनिटं मिलानमध्ये बैलाला माणसासारखं वागवलं गेलं. मग कुणीतरी गिरकी घेतली आणि पोळा फुटला.

पिसाला जाताना मी मनाशी ठरवलं होतं की इथं तरी आपली विद्या दाखवायची. मनोरा दिसताच व्याख्यान सुरू केलं. मोठेबाबांनी हात वर करून थांबवलं, बुटाच्या टोकानं हिरवळ जराशी दाबून पाहिली आणि म्हणाले, "पाया उथळ हाये आन खाली चिकनमाती."

बरोबर होतं. 1173 साली सुरू झालेल्या या मनोऱ्याचा पाया जेमतेम तीन मीटर खोल आहे आणि खाली मऊ चिकणमाती. तिसऱ्या मजल्यावर काम आलं तेव्हाच तो कलू लागला. मग लढाया सुरू झाल्या आणि जवळजवळ शंभर वर्षं काम बंद पडलं. तेवढ्या काळात खालची माती दबून घट्ट झाली, नाहीतर मनोरा तेव्हाच कोसळला असता. ज्याचं घर काळ्या मातीत उभं आहे, ज्याच्या भिंतीला दर उन्हाळ्यात भेग पडते आणि पावसाळ्यात बुजते, त्याला हे सांगायला पोलितेक्निको लागत नाही.

"1990 साली मनोरा लोकांसाठी बंद केला," मी चिकाटी सोडली नाही. "जगभरचे तज्ज्ञ बसले. काय केलं असेल त्यांनी?"

"ज्या बाजूनं उचलला हाये तिकडची माती काढली असन. दुसरं काय?"

तज्ज्ञांनी हेच केलं होतं. बरेच उपाय चाचपून झाल्यावर उत्तरेकडची माती खालून थोडी थोडी उपसली, मनोरा चाळीसेक सेंटिमीटर मागे आला, आणि 2001 साली तो पुन्हा उघडला.

"मंग पुरा सिधा काहून नाई केला?"

"सरळ मनोरा पाहायला कोण येईल, मोठेबाबा?"

ते क्षणभर थांबले. मग माझ्या पाठीवर थाप पडली. "आता कशी बोलली! वाकडेपनाचाच भाव हाये याले." डायरीत पिसाच्या नोंदीखाली दुहेरी रेघ आहे. हाताचा टेकू देऊन फोटो काढायला मात्र त्यांनी साफ नकार दिला. एवढ्या लोकांनी धरून ठेवलाय, माझी काय गरज, असं त्यांचं म्हणणं.

फ्लोरेन्समध्ये जगप्रसिद्ध चित्रं पाहायची होती. पण मी बोलता बोलता कोल्हापूरच्या राजाराम महाराजांचा विषय काढला आणि बेत बदलला. जेमतेम विशीतले हे छत्रपती युरोपचा दौरा करून परतताना 30 नोव्हेंबर 1870 रोजी फ्लोरेन्समध्ये वारले. तिथं दहनाची रीत नव्हती. नगरपालिकेनं खास परवानगी दिली आणि आर्नो व मुन्योने या नद्यांच्या संगमावर त्यांना अग्नी दिला गेला. कास्चिने बागेच्या टोकाला त्यांची छत्री आहे, आत अर्धपुतळा. जवळच्या पुलाचं नावही भारतीयावरूनच पडलंय.

"म्हंजे कागदपत्रं तवाही लागले," मोठेबाबा म्हणाले. महाराज प्रवासात रोजनिशी लिहीत आणि ती 1872 साली छापून निघाली, हे ऐकल्यावर त्यांनी स्वतःची डायरी चाचपली. "खर्च लिवला हाये का त्यात?" मी म्हटलं, भेटीगाठी जास्त आहेत. "राजा मानूस," ते समजुतीनं म्हणाले. तोवर मोठी आई बागेतल्या माळ्याला खुणांनी विचारून फूल घेऊन आली होती.

खरी इटली जिंकली ती तिनंच. भाजीबाजारात ती मराठीत बोले, समोरची बाई इटालियनमध्ये, दोघींचे हात सारखेच चालत आणि सौदा ठरे. भाजी घेतली की तिकडचे काही भाजीवाले गाजर, सेलरी, पार्सलीची जुडी वरून फुकट टाकतात. वांग्यांवर सांभाराची काडी मागून घेणाऱ्या बाईला आणखी काय पाहिजे? "मानसं चांगली हायेत," तिचा निकाल. मोठेबाबांचा निकाल न्हाणीघरात लागला होता. इटलीतल्या घरांमध्ये कमोडशेजारी धुण्याचं वेगळं भांडं असावं, असा 1975 पासून नियम आहे. पहिल्याच सकाळी बाहेर येऊन त्यांनी घोषणा केली होती, "हे लोक सुधारलेले हायेत."

व्हेनिसला गोंडोल्याचा सरकारी दर दिवसा अर्ध्या तासाला नव्वद युरो. युरो शंभराच्या आसपास धरला तर नऊ हजार. लांब धाग्याच्या कापसाचा 2025-26 चा हमीभाव क्विंटलला 8,110 रुपये.

"क्विंटलभर कापूस आन वर अकरा किलो," मोठेबाबा कठड्यावर बसले. "अर्ध्या घंट्यात पान्यात."

मी तोडगा काढला. मोठा कालवा ओलांडायला तिथं तशाच नावेतून दोन युरोंत पलीकडे सोडतात. दोन मिनिटांचा प्रवास, बहुतेक लोक उभ्यानंच. मोठेबाबा खूश. ठोकचा माल किरकोळीत मिळाला होता. पलीकडे उतरल्यावर मोठी आई शांतपणे म्हणाली, "हे नाव झाली. आता मले गोंडोल्यात बसव." आणि कमरेच्या बटव्यातून तिनं हरभऱ्याच्या पैशांच्या बदलून आणलेल्या नोटा काढल्या. धामणगावातच बदलल्या होत्या, नवऱ्याला न सांगता.

बसावं लागलं. मोठी आई महाल पाहत होती, मोठेबाबा घड्याळ. सत्ताविसाव्या मिनिटाला नावाड्यानं नाव काठाला वळवली तेव्हा मोठेबाबांनी मनगट त्याच्या नाकासमोर धरलं. उरलेली तीन मिनिटं आम्ही एका पुलाखाली तरंगत काढली. संध्याकाळी सेंट मार्कच्या चौकात एका कॅफेपुढं वाद्यवृंद वाजत होता. खुर्चीत बसलं तर कॉफीशिवाय संगीताचे पैसे वेगळे. मोठेबाबांनी अंतर मोजून एक खांब निवडला. "येथीही तेच गानं ऐकू येते," म्हणाले आणि शेवटपर्यंत उभे राहिले. टाळ्याही त्यांनीच सर्वांत जास्त वाजवल्या.

रोमनं त्यांना पाण्यानं जिंकलं. रस्त्यारस्त्यावर लोखंडी नळ, 1874 पासूनचे, चोवीस तास गार पाणी, फुकट. तोटीला खालून बोट लावलं की वरच्या भोकातून कारंजं तोंडाशी येतं. पाणपोईचं पुण्य ठाऊक असलेल्या वऱ्हाडी माणसानं त्या नळांना चक्क सलाम केला. त्रेवीच्या कारंज्यात लोक नाणी टाकत होते. वर्षाला दहा लाख युरोंहून जास्त जमतात आणि ते गोरगरिबांच्या संस्थेला जातात, म्हटल्यावर "लिलाव नाई होत?" एवढंच विचारून त्यांनीही एक टाकलं. रुपयाचं.

कोलोसियमपाशी मात्र त्यांचं लक्ष पन्नास हजार माणसांच्या त्या रिंगणाकडे नव्हतंच. झेंडा उंच धरून तीसेक पर्यटकांना हाकणाऱ्या गाइड बाईकडे होतं. "हिचा रोज किती?" मला माहीत नव्हतं. ते स्वतः गेले. दोघांत बोटांची मोजामोज झाली, तिनं खांदे उडवले, यांनी मान हलवली. परत येऊन डायरीत काहीतरी लिहिलं आणि पान हातानं झाकलं. त्या दिवसापासून मी एखादी वास्तू समजावून सांगू लागले की ते आधी घड्याळ बघत आणि माझं बोलणं संपलं की पुन्हा बघत. कंटाळले असतील, असं मला वाटलं.

ते परत गेल्यावर पंधरा दिवसांत फोन आला. मागं बाजार समितीतला गलका ऐकू येत होता.

"पुढच्या मे मयन्यात अडतीतले चौघं जोडीनं येऊन रायले तुयाकडं. मी सांगून टाकलं, पोट्टी सारं दाखवन. पन फुकट नाई. रोमच्या झेंडेवालीचा दर हाये मायाजवय. थिच्यापेक्षा वीस युरो कमी लावले. थे पुरी शिकेल हाये, तू अजून शिकून रायली."

"मोठेबाबा, इथं परवान्याशिवाय पैसे घेऊन गाइडचं काम करता येत नाही. दंड होतो."

तिकडे शांतता. डायरीची पानं फडफडली.

"मंग पैसे नको घेऊ. मानशी तीन किलो तूरडाय घे. घरची, बिनपालिशची. ओल मी पाहून देतो."

"आणि तुमची अडत?"

"थे मी घेनाऱ्यायकडून घेतो," मोठेबाबा म्हणाले, "तुयाकडून नाई."