लाखाचं इंजिन आणि गोडेतेलाचा कॅन

कोकणातल्या कुठल्याही बंदरावर जा. वाळूत ओढलेल्या फायबरच्या होडीला मागे आउटबोर्ड इंजिन दिसेल, गोड्या पाण्यानं धुतलेलं, वर फडकं गुंडाळलेलं. आता त्याला पेट्रोल पुरवणारा कॅन बघा. गोडेतेलाचा, भंगारातून आणलेला. झाकणाला तापल्या खिळ्यानं भोक पाडलंय, त्यातून पाइप आत सोडलाय आणि उरलेल्या फटीत चिंधी कोंबली आहे. इंजिनाची एवढी बडदास्त आणि तीन खलाशांचे जीव चिंधीच्या भरवशावर! हे बघवत नाही.

पेट्रोल पेटतं म्हणजे त्याची वाफ पेटते. उणे 40 अंशांतही पेटण्याइतकी वाफ त्यातून निघते. आपल्याकडच्या मे महिन्याची तर बातच सोडा. ही वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड. ती वर उडून जात नाही, फळ्यांखाली होडीच्या तळाशी साचून राहते. वर भणाण वारा असतो, त्यामुळे वासही येत नाही. मग कुणीतरी चहासाठी स्टोव्ह पेटवतो.

छोट्या होडीला सगळ्यात चांगली टाकी म्हणजे उचलून नेता येणारी. जाड एचडीपीईची, इंधनासाठीच बनवलेली, वीस-पंचवीस लिटरची, आउटबोर्डच्या नळीला बसणारी. झाकणावर हवेचा स्क्रू असतो: इंजिन चालू असताना उघडा, टाकी नुसती ठेवली असताना बंद. ती होडीबाहेर काढून जमिनीवर ठेवून भरता येते, आणि माझ्या मते हाच तिचा खरा गुण. होडीत ठेवूनच भरलं तर सांडलेला थेंब न् थेंब तळात जातो. शिवाय प्लास्टिकवर स्थिर वीज साठते. टाकी जमिनीवर टेकलेली आणि नळीचं तोंड टाकीला लागलेलं असेल तर ठिणगीची भीती कमी. काठोकाठ तर भरूच नये. पंचवीस लिटर पेट्रोल वीस अंशांनी तापलं की जवळजवळ अर्धा लिटर फुगतं. त्याला जागा हवी, नाहीतर ते वाट काढतंच.

काहीजण वेल्डरकडून लोखंडी पत्र्याची टाकी करून फळ्यांखाली कायमची बसवतात. खारं पाणी तिला खालून खातं, आणि खालचं दिसतं कुणाला? घरच्या घरी फायबरची टाकी ओतणाऱ्यांनीही थांबावं. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि साधं रेझिन त्यानं मऊ पडतं. इथेनॉल पाणीही ओढून घेतं. पाणी जास्त झालं की दोन्ही मिळून पेट्रोलपासून वेगळी होतात आणि टाकीच्या तळाशी बसतात. पाइपही नेमका तिथूनच ओढतो. इंजिन खाडीच्या तोंडाशी, लाटा फुटतात तिथे बंद पडलं तर नाखव्यानं काय करावं?

पारंपरिक होड्यांना इंजिन बसवायला सरकारनं अनुदान दिलं आहे, ते चांगलंच केलं. पण टाकी, इंधनाची नळी आणि तिच्यावरचा रबरी पंप हा इंजिनाचाच भाग धरा. अनुदानाच्या अर्जात त्याचा वेगळा रकाना ठेवा, आणि तपासणीला येणाऱ्यानं इंजिनाच्या नंबराबरोबर टाकीचाही फोटो काढावा. मच्छीमार संस्थांनी तोवर थांबू नये. जाळी एकत्र मागवता, तशा टाक्याही मागवा, आणि जुने कॅन बंदरावरच गोळा करून त्यांना भोकं पाडून टाका, म्हणजे ते पुन्हा कुणाच्या होडीत चढणार नाहीत.