किती देती?

कोल्हापुरात गाडी घेतली की पेढे वाटायच्या आधी एका प्रश्नाचं उत्तर द्यावं लागतं. रंग कुणी विचारत नाही, तो दिसतोच. किंमतही कुणी विचारत नाही, ती गल्लीला तुमच्या आधी कळलेली असते. विचारतात ते एवढंच, "किती देती?" म्हैस आणि गाडी या दोघींना आमच्याकडे हा एकच प्रश्न लागू आहे, आणि दोघींच्याही बाबतीत उत्तर थोडं वाढवून सांगायची रीत आहे.

आमची मारुती ८००, १९९७ चं मॉडेल, रंग पांढरा (आरसी बुकाप्रमाणे). ऐन उमेदीत ती अठरा द्यायची, मी बावीस सांगायचो. मी शाळेतून निवृत्त झालो तेव्हा ती अकरावर आली होती आणि मागून धूर इतका सोडायची की गल्लीत डास औषधालाही उरले नव्हते. मेकॅनिकनं बॉनेट उघडलं, मिटलं आणि म्हणाला, "सर, रिंगा गेल्यात. बोअर करायला पायजे." तीस वर्षं विज्ञान शिकवून मी पोरांना जे केलं, तेच आता इंजिनाला करायचं होतं.

त्यातूनच ती कल्पना सुचली. दहावीच्या वर्गाला मी दरसाल विद्युतमोटर शिकवली होती. फळ्यावरची माझी मोटर कधी गरम झाली नाही की बंद पडली नाही. तेव्हा हे तीन सिलिंडरचं, ७९६ सीसीचं धुराडं काढायचं आणि तिथं मोटर बसवायची! ज्या गावात बाबूराव पेंटरांनी स्वतःच्या हातांनी सिनेमाचा कॅमेरा बनवून १९२० साली 'सैरंध्री' काढला, त्या गावातल्या मास्तराला एक मोटर बसवता येऊ नये?

"त्यांनी आधी घरातला चालू कॅमेरा मोडला नव्हता," बायको म्हणाली.

मी इतिहासाचा आधार घेतला. विजेची मोटार हे काही आजचं खूळ नाही. १८९९ साली कामिय जेनात्झी नावाच्या बेल्जियन माणसानं विजेवरच्या गाडीतून ताशी १०५ किलोमीटरचा वेग गाठला. ताशी शंभरच्या पलीकडे गेलेली ती पहिली मोटार, आणि पेट्रोलचा तिच्यात थेंब नव्हता. खुद्द हेन्री फोर्ड जगाला पेट्रोलच्या गाड्या विकत असताना त्याची बायको विजेची गाडी चालवत असे. जेनात्झीच्या गाडीचं नाव फ्रेंच होतं. त्याचा अर्थ, 'कधीच समाधान न होणारी'.

"हे गाडीचं नाव का गाडीवाल्याचं?" बायकोनं विचारलं आणि ती कुकर लावायला उठली. घरात याला परवानगी म्हणतात.

मग मी पाठकोऱ्या कागदावर हिशेब मांडला. एक लिटर पेट्रोलात साधारण ९ युनिट ऊर्जा असते. बारा व्होल्टच्या, शंभर अँपिअर-तासांच्या बॅटरीत १.२ युनिट. अशा सहा बॅटऱ्या एकापुढे एक जोडल्या की ७२ व्होल्ट, ७.२ युनिट आणि वजन दोनशे किलो. म्हणजे दोन क्विंटल ओझं वाहून माझ्या पदरात पाऊण लिटर पेट्रोलाएवढी ऊर्जा पडणार होती. त्यातही शिशाची बॅटरी टिकवायची तर निम्म्याच्या खाली उतरवायची नाही. उरले ३.६ युनिट. पण इंजिन पेट्रोलातला तीन-चतुर्थांश भाग नुसता तापण्यात घालवतं. मोटर मिळालेलं बहुतेक सगळं चाकाकडे पोचवते. किलोमीटरला १२० वॉट-तास धरले की उत्तर येतं तीस किलोमीटर. पन्हाळा वीस-बावीस किलोमीटरांवर, तोही चढाचा. म्हणजे जायला बॅटरी आणि यायला उतार. हिशेब बसला.

इंजिन काढायला फणसाच्या फांदीला चेन-पुली टांगली. इंजिन अधांतरी लोंबू लागलं तेव्हा शेजारचे बापू कुंपणापाशी आले. बापू एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी आधी इंजिनाकडे, मग फणसाकडे पाहिलं आणि म्हणाले, "यंदा फळ मोठं धरलंय, सर."

मोटर मिळाली भंगारात, एका मोडीत निघालेल्या फोर्कलिफ्टची. ती आणि मारुतीचा गिअरबॉक्स यांची सोयरीक जुळवायला मी शिवाजी उद्यमनगरात गेलो. जगातली कुठलीही दोन लोखंडं एकमेकांना जोडून देणारी माणसं तिथं लेथवर उभी असतात. त्यांतल्या एका मिस्त्रीनं लेथ थांबवून माझ्याकडे निरखून पाहिलं. "वळखलं का, सर? तुम्ही मला विज्ञानात दोनदा नापास केलंय." वीज आणि लोखंड यांचा व्यवहार अशा माणसाच्या हाती सोपवताना माझा जीव थोडा खालीवर झाला. त्याचा झाला नाही. त्यानं जुनी क्लचप्लेट मागितली, तिच्या मधला दातेरी तुकडा कापून काढला आणि तो मोटरच्या शाफ्टसाठी केलेल्या हबला वेल्ड केला. "गिअरबॉक्सला वाटंल क्लचच हाय. त्याला सांगायचं न्हाई." मग जाड पत्र्याची एक अडॅप्टर प्लेट कापली. मी घरून मिलिमीटरमध्ये आकृती काढून नेली होती. त्यानं ती अदबीनं घेतली, तिच्यावर चहाचा ग्लास ठेवला आणि सगळं माप सुतात घेतलं. अर्धा सूत इकडं, पाव सूत तिकडं. प्लेट बसली ती अशी की मध्ये नख शिरेना.

विजेच्या मोटरला क्लच लागत नाही, कारण ती शून्यापासून जोर लावते आणि उभी असताना चक्क गप्प असते. क्लचचं पेडल मात्र मी तसंच राहू दिलं. डाव्या पायाला पंचवीस वर्षांची सवय होती. त्याला एकदम सेवानिवृत्त करणं बरं दिसलं नसतं.

पहिल्या चाचणीला सारी गल्ली जमली. चार बॅटऱ्या डिकीत, दोन पुढं. मागच्या बाजूच्या वजनानं गाडीनं नाक असं वर केलं होतं की जणू ती आमच्यातली नव्हेच. नारळ फुटला. मी पहिला गिअर टाकला, ॲक्सिलरेटर हळूच दाबला आणि गाडी आवाज न करता, अत्यंत सभ्यपणे मागं गेली. मागं फणस होता.

"ब्रेक लावा!" कुणीतरी ओरडलं. मी सवयीनं क्लच दाबला.

फणस हलला, पण धरून राहिला. खाली उतरून मी जाहीर केलं, की मोटर उलटी फिरते आहे, साधी गोष्ट आहे. बॅटरीचं अधिक-उणे बदललं की झालं. कंट्रोलर बाजूला काढला, मोटरला एका बॅटरीवर घेतलं, वायरी बदलल्या. मोटर त्याच दिशेनं फिरली. पुन्हा बदलल्या. पुन्हा तीच दिशा. पुढचे दोन दिवस मी गाडी रिव्हर्स गिअर टाकून पुढं चालवत होतो. मागं जायला चार गिअर आणि पुढं जायला एक, अशी मारुती कंपनीनंही कधी काढली नव्हती. तिसऱ्या दिवशी मिस्त्री सहज डोकावला आणि हसू दाबत म्हणाला, "सर, ही शिरीज मोटर. बॅटरी उलटी केली तर फील्ड बी उलटं हुतंय, आर्मेचर बी. दोन उलट्याचं एक सुलट. नुसत्या फील्डच्या वायरी फिरवा की." त्यानं फिरवल्या. गाडी पुढं गेली. फ्लेमिंगच्या डाव्या हाताचा नियम मी तीस वर्षं शिकवला, पण त्या हाताला ग्रीस कधी लागलं नव्हतं. त्या दिवशी मनातल्या मनात मी त्याला पस्तीस गुण दिले आणि माझे तेवढे वजा केले.

आता फक्त रस्ता उरला होता. कागदपत्रं करणाऱ्या एका ओळखीच्या एजंटाला बोलावलं. त्यानं गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि विचारलं, "कीट कुठल्या कंपनीचं?" मी म्हणालो, भंगारातलं. त्यानं पेन खिशाला लावलं. पेट्रोलची गाडी विजेवर करता येते, पण त्यासाठीचं कीट एआयएस-१२३ या मानकाप्रमाणे तपासलेलं लागतं. ती तपासणी पुण्यात एआरएआयसारख्या संस्थेत होते, एकेका गाडीची नव्हे, तर कीट बनवणाऱ्याच्या कीटची. मग अधिकृत माणसानं ते बसवायचं आणि आरसी बुकावर तशी नोंद करून घ्यायची. नाहीतर मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम. "म्हणजे मी काय करू?" मी विचारलं. "कंपाउंडात फिरवा की," तो म्हणाला, "कोण नको म्हणतंय?"

हे आधी विचारायला हवं होतं, असं म्हणणाऱ्यांची संख्या त्या आठवड्यात बरीच वाढली.

फाटकापासून फणसापर्यंत आमचं कंपाउंड अठरा मीटर. रोज संध्याकाळी मी पहिल्या गिअरमध्ये तेवढं जायचो आणि तेवढंच परत यायचो. तीस किलोमीटरची ताकद संपवायची तर अशा सोळाशेवर खेपा कराव्या लागल्या असत्या. बायकोनं वेगळा हिशेब केला. एकूण खर्च एक लाख त्रेसष्ट हजार. पेट्रोल शंभरानं आणि अ‍ॅव्हरेज सोळानं धरलं, तरी एवढ्यात सव्वीस हजार किलोमीटर झाले असते. "पाच वेळा काश्मीरला जाऊन आलो असतो," ती म्हणाली, "आणि येता-येता पंढरपूर." बापू रोज कुंपणावरून विचारायचे, "किती देती, सर?" आणि मी रोज फणसाची पानं मोजत असल्याचं दाखवायचो.

मे महिन्यात वळीव झाला. असला की आमच्या चौकातलं झाड तारांवर आडवं पडलं आणि वीज गेली ती दोन दिवस. पहिल्या रात्रीत गल्लीतल्या सगळ्या इन्व्हर्टरांनी मान टाकली. दुसऱ्या दिवशी दुपारी बायकोनं माझ्याकडे न बघता डिकी उघडली. "ह्या इन्व्हर्टरच्याच बॅटऱ्या न्हवं?" तिनं विचारलं. दुकानदारानं स्वस्तात म्हणून मला त्याच दिल्या होत्या, हे मी आजवर कुणालाही सांगितलं नव्हतं.

एक बॅटरी आमच्या घरात गेली. दुसरी बापूंकडे, त्यांना पंख्याशिवाय झोप लागत नाही म्हणून. कोपऱ्यावरच्या दूध संकलन केंद्रात संध्याकाळचं दूध येऊन पडलं होतं आणि फॅट मोजायचं मशीन बंद, तिसरी तिकडे. चौथी गल्लीच्या टोकाला हळदीच्या मांडवात, कारण नवरीला अंधारात हळद लावली तर फोटो कसे येणार? पाचवीवर बारावीच्या एका पोरानं वीस मोबाईल चार्जिंगला लावले. सहावी न्यायला मिस्त्री आला. त्याच्या घरी म्हातारी आई होती. त्याला मी विचारलंही नाही, उचलायला हात लावला.

रात्री मी दारात बसलो. सगळी पेठ काळोखात आणि आमच्या गल्लीत मात्र ठिकठिकाणी उजेड. मांडवातून गाणं ऐकू येत होतं. फणसाखाली मारुती उभी होती. पोटातलं सगळं वाटून टाकल्यामुळे तिचं नाक पहिल्यांदाच खाली आलं होतं.

तेवढ्यात मांडवातला एक परगावचा पाहुणा सुपारी कातरत आमच्या फाटकाशी थांबला. उघड्या डिकीत डोकावला. गाडी विजेवरची आहे, असं त्याला कुणीतरी सांगितलं असावं.

"किती देती हो?"

मी पानं मोजायला वर पाहिलं. उत्तर बायकोनं दिलं.

"सहा घरांना."