आधी बजेट सांगा

डोंबिवलीतल्या आमच्या सोसायटीत डॉक्टर आहेत, वकील आहेत, सीए तर मजल्यागणिक आहेत. पण रात्री साडेनऊनंतर ज्यांच्या दाराबाहेर चपलांची गर्दी दिसते, ते भाऊ. भाऊ दिवसा एका पतसंस्थेत कर्जविभाग सांभाळतात आणि रात्री लोकांना कॉम्प्युटरचा प्रोसेसर निवडून देतात. फी नाही, चहा त्यांच्याकडचाच.

येणाऱ्याचा प्रश्न ठरलेला असतो. "पोराला गेमिंगला आणि थोडंफार व्हिडिओ एडिटिंगला कॉम्प्युटर घ्यायचाय. प्रोसेसर कुठला घेऊ?" भाऊ उत्तर देत नाहीत. कर्जाचा अर्ज पुढ्यात आल्यासारखा चष्मा वर सरकवतात आणि म्हणतात, "आधी बजेट सांगा." बजेट सांगितलं की, "मॉनिटर धरून की सोडून?" मग गेम कुठले, एडिटिंग म्हणजे नक्की काय, मॉनिटर किती हर्ट्झचा, घरात यूपीएस आहे का. चौकशी संपेपर्यंत समोरच्याला आपण जामीनदार सोबत आणायला हवा होता असं वाटू लागतं.

भाऊ कंजूष नाहीत. स्वतःसाठी भाजी घेताना ते भाव विचारत नाहीत, ही वहिनींची जुनी तक्रार. पण दुसऱ्याचे दोन हजार नको तिथे गेले की त्यांना पित्त उठतं.

परवा तिसऱ्या मजल्यावरचे मास्तर आले. चाळीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झालेले. नातू बारावीत, ढोल-ताशा पथकात, आणि पथकाचे व्हिडिओ जोडायचं काम त्याच्या गळ्यात. मास्तरांनी चौकशी करूनच ठेवली होती.

"एक जण आय-सेव्हन देतोय, सोळा जीबी रॅमसकट. अगदी स्वस्तात."

"कितव्या पिढीचा?"

"म्हणजे?"

"मॉडेल काय लिहिलंय?"

मास्तरांनी चिठ्ठी काढली. ३७७०. भाऊंनी डोळे मिटले. "मास्तर, हा तिसऱ्या पिढीचा. २०१२ सालचा. कोअर चार. आज बाराव्या पिढीचा आय-थ्री घेतला तर त्यातही कोअर चारच, पण तो याला पार मागे टाकेल. शिवाय विंडोज ११ साधारण आठव्या पिढीच्या आधीचा इंटेल अधिकृतपणे घेत नाही आणि विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०२५ मध्ये निरोप दिला."

मास्तर बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "पण सात हे तीनपेक्षा मोठे ना?"

या प्रश्नावर भाऊंचं एक प्रवचन आहे. ते सोसायटीतल्या निम्म्या लोकांना पाठ आहे, आचरणात कुणीच आणत नाही. गेममध्ये खरे कष्ट ग्राफिक्स कार्डाचे. प्रोसेसरने त्याला ताटकळत ठेवलं नाही की झालं. तेव्हा प्रोसेसरवर वाचवा आणि ते पैसे कार्डावर घाला. सहा कोअर, बारा थ्रेड, बस्स. बजेट बेताचं असेल तर नावं दोनच, रायझन ५ ५६०० किंवा आय-फाइव्ह १२४००.

"हे दोन्ही २०२२ चे ना?" कुणी तरी हुशार पोरगा विचारतोच.

"म्हणून तर परवडतात," भाऊ म्हणतात. प्रोसेसरची किंमत एकट्याची कधी धरू नये, हा त्यांचा दुसरा नियम. बोर्ड आणि रॅम मिळवून मग बोलायचं. रायझनच्या नव्या एएम५ बोर्डाला डीडीआर५ रॅमच लागते. पुढे प्रोसेसर बदलायचा विचार असेल तर तो खर्च शहाणपणाचा, नाही तर नुसती हौस. त्यांच्या स्वतःच्या मशिनीत २०१७ चा एएम४ बोर्ड आहे. बायोस अपडेट करत करत त्याच बोर्डावर तिसरा प्रोसेसर नांदतोय. हे सांगताना भाऊंच्या चेहऱ्यावर वेळेआधी फिटलेल्या कर्जाचं समाधान असतं.

मास्तरांचं बजेट १२४०० पाशी आलं, तेव्हा दुसरा पेच पडला. दुकानदाराने १२४००एफ सुचवला होता, थोडा स्वस्त.

"एफ म्हणजे नापास ना?" मास्तरांनी विचारलं.

"तसंच समजा. ग्राफिक्स या एका विषयात नापास, बाकी विषयांत दोघांचे मार्क सारखेच." भाऊ खुलले. एफवाल्यात अंगभूत ग्राफिक्स बंद असतं, वेगळं कार्ड नसेल तर पडद्यावर काहीच दिसत नाही. कार्ड घेणारच असाल आणि नुसतं खेळायचं असेल तर एफ बिनधास्त घ्यावा. पण नातवाचे व्हिडिओ फोनवर काढलेले, बरेचसे एच.२६५ मधले. ते उलगडताना साधा प्रोसेसर घामाघूम होतो. इंटेलच्या अंगभूत ग्राफिक्समधलं क्विक सिंक हेच काम सहज करतं. उद्या कार्ड बिघडलं तर निदान मॉनिटर तरी चालू राहतो. "इथे वाचवू नका, मास्तर." भाऊंच्या तोंडून हे वाक्य क्वचितच ऐकू येतं.

रविवारी मास्तर आणि भाऊ ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडला गेले. पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग असलं तरी कॉम्प्युटरवाले लॅमिंग्टनच म्हणतात. काउंटरवरच्या मुलाने आवाज खाली आणला. "काका, ट्रेचा घ्या. माल तोच, बॉक्सचे पैसे कशाला?" भाऊंनी त्याच्याकडे थकबाकीदाराकडे बघावं तसं बघितलं. बॉक्सवर कंपनीची तीन वर्षांची वॉरंटी, आत पंखा. ट्रेवर फक्त दुकानदाराचा शब्द. बॉक्स आला. सील भाऊंनी उजेडात धरून पाहिलं.

जोडणी मास्तरांच्या डायनिंग टेबलावर झाली. प्रोसेसरच्या कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण बोर्डावरच्या खुणेला जुळवून भाऊंनी तो दोन बोटांनी अलगद ठेवला. दाबला नाही, नुसता ठेवला. मग पट्टी खाली ओढली. काळं झाकण टुणकन उडालं आणि आतून करकर असा आवाज आला. मास्तरांनी देव्हाऱ्याकडे पाहिलं. "हा आवाज यायलाच हवा," भाऊ म्हणाले आणि पट्टी खटक्यात अडकवली.

महिन्याभराने भाऊ सहज चौकशीला गेले. नातू क्लासला गेला होता. मास्तरांनी बारावी संपेपर्यंत कॉम्प्युटरला पासवर्ड घातला होता आणि पथकाचे व्हिडिओ नातवाने फोनवरच जोडून टाकले होते. स्वतः मास्तर पत्त्यांचा डाव मांडून बसले होते. भाऊंना राहवेना. त्यांनी टास्क मॅनेजर उघडला. पडद्यावर बारा चौकोन, बाराही चौकोनांत तळाला टेकलेली रेघ. वर आकडा, २ टक्के.

भाऊ खुर्चीत बसले. "मास्तर, याला आय-थ्रीसुद्धा पुरला असता हो. तुमचे चार-पाच हजार वाचले असते."

मास्तरांनी इस्पिकचा राजा उचलला, जागेवर ठेवला आणि मान न वळवता विचारलं, "कितव्या पिढीचा?"