गोधडीला गोट लावण्याची अधिकृत पद्धत

गोधडी पूर्ण झाल्याचे जाहीर करण्याची घाई करू नये. तसे केले की घरातले कोणीतरी लगेच ती पांघरून झोपते, आणि झोपलेल्या माणसाभोवती गोट कसा लावावा हे कोणत्याही शिवणवर्गात शिकवत नाहीत. "अजून कच्ची आहे" म्हणावे आणि कडेने चार टाचण्या टोचून ठेवाव्यात. टाचण्यांचा मान सगळे राखतात.

आता पट्टी. 60 बाय 90 इंचांच्या गोधडीचा घेर 300 इंच. नऊ वार म्हणजे 324 इंच. जुन्या नऊवारीचा काठ सलग उतरवला तर शेवटचा एक सांधा घालून सगळी गोधडी फिरून येते, वर थोडा तुकडा उरतो. काठ वरचा घ्यावा. खालचा घोट्याशी घासून विरलेला असतो. जरीचा नको, मानेला टोचतो. मात्र साडी कोणाची कापायची हा प्रश्न शिवणकामाच्या कक्षेबाहेरचा आहे. "आईची साडी कापलीस?" हे पुढची वीस वर्षे ऐकण्याची तयारी नसेल तर सरळ पॉपलीन आणावे.

शेजारच्या काकू उरेब पट्टीचा आग्रह धरतील. उरेब लागतो गोलाईला. गोधडी चौकोनी आहे. काकूंना चहा द्यावा.

पट्टी तीन इंच रुंद, लांबीत दुमडून इस्त्री केलेली. बाजूच्या मध्यावरून, टोक वीतभर मोकळे सोडून सुरुवात करावी आणि गोधडीच्या सुलट बाजूवर, कडेला कडा लावून अर्ध्या बोटावर टीप मारावी. कोपरा अर्धे बोट उरला की थांबावे, दोरा तोडावा. पट्टी सरळ वर, गोधडीबाहेर दुमडावी, मग तीच खाली, पुढच्या बाजूवर आणावी आणि वरच्या कडेपासून पुन्हा टीप सुरू करावी. हे पाहताना चुकल्यासारखेच वाटते, म्हणून सल्लागार याच वेळी उगवतात. एखादे निवृत्त गृहस्थ नातवाच्या कंपासपेटीतला त्रिकोण घेऊन घडी 45 अंशांची झाली का ते तपासतील. तपासू द्यावे. तेवढा वेळ ते गोधडीवर बसत नाहीत.

उत्तर कन्नडमधल्या सिद्दी बायका कवंदी, म्हणजे त्यांची गोधडी, कडेपासूनच शिवत आत येतात आणि कोपऱ्यांवर घड्या घातलेल्या चिंध्यांची फुले बसवतात. वेगळा गोट लावायची वेळच येत नाही. ही माहिती गोट लावणाऱ्या बाईला तिसऱ्या कोपऱ्यावर देऊ नये. तिच्या हाताशी दाभण असते.

शेवटी टोके जोडून पट्टी मागे वळवावी आणि हाताने हेम करावी. मशीनवरही होते, पण मग टीप सुलट बाजूला कुठे निघेल ते मशीनच जाणे.

उरलेला काठ मात्र जपून ठेवा. पायाकडचा कोपरा सगळ्यात आधी फाटतो.