अजून एक बसतंय

गोल्फ कार्ट ही आपल्याकडे गोल्फ सोडून सगळीकडे दिसणारी गाडी आहे. मोठ्या स्टेशनात ती म्हाताऱ्या माणसांना फलाटावरून नेते, देवस्थानात भाविकांना आणि लग्नाच्या लॉनवर नवरदेवाला. नांदेड आणि लातूर हे जिल्हे सचखंड गुरुद्वारा, तूर, सोयाबीन आणि बारावी-नीटच्या निकालांसाठी ओळखले जातात. गोल्फसाठी त्यांचं नाव कुणी घेत नाही. तरीही माझं म्हणणं असं, की अमेरिकेतला हौशी माणूस गोल्फ कार्टच्या मागं जी उलट्या तोंडाची, घडीची सीट बसवून घेतो, त्या विद्येचं खरं विद्यापीठ एमएच २४ आणि एमएच २६ या पाट्यांच्या मागं आहे. तिकडं ती हौस आहे. इकडं तो हिशोब आहे, आणि हिशोबातून जन्मलेली वस्तू हौसेच्या वस्तूपेक्षा जास्त विचार करून बनवलेली असते.

आधी ही सीट असते कशी ते बघू. गोल्फ कार्टमध्ये पुढं दोघं बसतात आणि मागं काठ्यांच्या पिशव्या. गाडी खेळातून निवृत्त होऊन घरकामाला लागली की पिशव्यांची जागा मोकळी पडते. तिथं लोखंडी चौकट येते. तिच्यावर पुढच्यांच्या पाठीला पाठ लावून बसायची दोघांची गादी, पाय ठेवायला पत्रा, धरायला दांडा. गादी बिजागरीवर असते. उलटली की तिच्या पोटाचा पत्रा वर येतो आणि माणसांच्या जागी खताची पोती बसतात. अशा गाड्या बनवणारी ई-झी-गो ही नावाजलेली कंपनी १९५४ साली जॉर्जिया राज्यातल्या ऑगस्टा गावी दोन भावांनी एका खोलीच्या वर्कशॉपात सुरू केली. एक खोली आणि दोन भाऊ म्हटल्यावर आपल्याकडच्या गॅरेजशी फरक उरतो तो फक्त भिंतीवरच्या देवाच्या फोटोचा आणि उदबत्तीचा.

आता आपली ॲपे घ्या. ही तीनचाकी इटलीत १९४८ साली निघाली ती माल वाहायला. म्हणजे तिच्यात माणूस बसवणं हीच मुळात मागाहून केलेली सोय. लातूर-नांदेडच्या माणसानं एवढंच केलं, की सोय एकदा सुरू केली ती थांबवली नाही. कंपनीनं मधल्या सीटवर तिघांची जागा दिली. मागं डिकीची हातभर जागा उरली. हातभर जागा रिकामी ठेवणं हा आमच्याकडं उधळेपणा समजला जातो. तिथं फळी आली, फळीवर रेग्झिन आलं, आणि तोंड मागं करून बसलेला, पाय रस्त्यावर सोडलेला प्रवासी आला. सकाळी या फळीवर ट्यूशनला निघालेली पोरं, दुपारी फळी उलटून मोंढ्यावरून निघालेली तुरीची पोती, संध्याकाळी पुन्हा माणसं. एका दिवसात तीन धंदे करणाऱ्या गाडीला घडीची सीट लागणारच. लातूरजवळ हरंगुळला रेल्वेच्या डब्यांचा कारखाना आहे; २०१८ साली त्याचं भूमिपूजन झालं. तिथं डब्यात किती माणसं बसतील हे आधी ठरतं आणि मग पत्रा कापला जातो. फळीवाल्या वर्कशॉपात आधी पत्रा कापतात. माणसं किती बसतील ते फाट्यावर गेल्याशिवाय ठरत नाही.

या कामातली कारागिरी मात्र हसण्यावारी न्यायची नाही. चौकोनी पाइप कापून चौकट होते, तिला कोपऱ्याकोपऱ्यावर अँगलचा टेकू. पायाखाली उंचवट्यांचा चेकर्ड पत्रा, म्हणजे पावसाळ्यात चप्पल घसरत नाही. हातात धरायचा पाइप वाळू भरून वाकवतात. तशीच वाकवली तर नळी बेंडावर चपटी होते. प्लायवर फोम, फोमवर रेग्झिन ताणून खाली खिळे. सगळ्यात अवघड भाग बिजागरीचा. गादी उलटताना ती मधल्या सीटच्या पाठीला घासू नये आणि उलटल्यावर पोत्यांसाठी पत्रा सपाट यावा, या दोन्ही अटी पाळायच्या तर बिजागरीची जागा बोटाएवढी चुकून चालत नाही. हे गणित कागदावर कुणी मांडत नाही. खडूनं पत्र्यावर दोन रेघा, एक डोळा बारीक, आणि ‘टाका टाका मारून’ असा हुकूम. टाका म्हणजे वेल्डिंगचा तात्पुरता ठिपका. तो टाकून गादी दोन-चारदा उलटून बघायची आणि मगच पक्की वेल्डिंग मारायची.

पहिला आक्षेप कायद्याचा, आणि तो भक्कम आहे. मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम सांगतं, की कंपनीनं ठरवलेल्या आणि नोंदणीत लिहिलेल्या तपशिलापासून गाडी फारकत घेता कामा नये. २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानंही तेच ठासून सांगितलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं प्रत्येक बेकायदा बदलामागं मालकाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्हीची तरतूद केली. पण याचा परिणाम काय झाला ते सीटच्या खाली वाकून बघा. प्रवासी गाडीला आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि पुढं दरवर्षी पासिंगला जावं लागतं. म्हणून सीट अशी जोडायची, की पासिंगच्या आदल्या दिवशी निघाली पाहिजे आणि दुसऱ्या दिवशी बसली पाहिजे. चौकट गाडीला जोडणारी पक्की वेल्डिंग गेली, नट-बोल्ट आले. ज्या जोडावर अख्ख्या कुटुंबाचा भार, तोच जोड मुद्दाम सैल. कायद्यानं सीट घालवली नाही, फक्त ती कच्ची केली. बरं, सरकारचा स्वभावही अगदीच कडक नाही. ई-रिक्षा आधी रस्त्यावर आल्या, २०१४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं त्यांच्यावर बंदी घातली, आणि त्याच वर्षी नियम निघाला: चालक सोडून चार माणसं, चाळीस किलो सामान, ताशी पंचवीसचा वेग. आधी वाहन, मागाहून नियम. खुद्द एस. टी.च्या पाटीवर बसलेल्यांच्या आकड्याखाली उभ्यांचाही आकडा रंगवलेला असतो. ‘अजून एक बसतंय’ हे तत्त्व शासनाला ठाऊक आहे, फक्त ते त्याच्या रंगानं लिहिलेलं असावं लागतं.

दुसरा आक्षेप जिवाचा, आणि इथं माझी बाजू लंगडी पडते हे मान्य. मागच्या चाकांच्या मागं वजन गेलं की पुढचं चाक हलकं होतं, आणि तीनचाकीला पुढं चाक एकच असतं. दोन माणसांचे मिळून एकशेतीस किलो धरा, ती मागच्या आसापासून अर्धा मीटर मागं बसवा, आणि दोन चाकांतलं अंतर दोन मीटर माना. पुढच्या चाकावरचा बत्तीस किलोंहून जास्त भार उचलला जातो. हँडल इतकं हलकं लागतं, की चालकाला वाटतं गाडी आज बरी पळते. मागं बसलेल्याला मागून ट्रक आला तर बंपर म्हणून त्याचेच गुडघे. गोल्फ कार्टला हे दुखणं नाही असं नाही. पण तिला चार चाकं, आणि तिचा वेग चोवीस-पंचवीसच्या आतबाहेर. तेव्हा माझा आग्रह असा नाही, की हायवेवर पन्नासनं धावणाऱ्या ॲपेला मागं फळी असावी. ती तिथून जावीच. पण जी गाडी पंचविसाच्या वर जाऊच शकत नाही, चार चाकांची आहे आणि गुरुद्वारा, बाजार समिती किंवा कॉलेजच्या आवारात फिरते, तिला मजबूत घडीची सीट लावायला रीतसर परवानगी का नसावी, आणि ती सीट हरंगुळच्या किंवा नांदेडच्या सिडकोकडच्या वेल्डरनंच का बनवू नये, याचं उत्तर मला कुणी दिलेलं नाही.

प्रतिष्ठेचा आक्षेप मी फारसा मनावर घेत नाही. गाडी पुढं आणि माणूस मागं तोंड करून, हे शोभत नाही म्हणे. ज्यांना सरकणारा रस्ता बघत जायचं असेल त्यांनी जावं. शिवाय ओळखीचा माणूस मागं राहिला तर हाक मारायची सोय एकट्या याच सीटवर आहे.

खरी अडचण वेगळीच आहे. उद्या परवानगी मिळाली आणि सीटवर ‘आसनक्षमता दोन’ अशी पाटी ठोकली, तर आमच्याकडं तिचा अर्थ ‘कमीत कमी दोन’ असा लागेल. ‘सरका की वो मामा, लई जागा हाय, पोरगं मांडीवर घ्या की मावशी’ हे वाक्य कुठल्याही राजपत्रापेक्षा जुनं आणि जास्त पाळलं जाणारं आहे. यावर इलाज पाटीनं होणार नाही, लोखंडानंच होईल: गादीचे दोन भाग करून मधोमध पाइपचा हात वेल्ड करायचा. आणि तो हात सपाट नको. सपाट ठेवला तर तिसरा त्याच्यावर बसेल.